डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम शिकायला सुरुवात कुठून करायची? (सोलापूर, पाच जण, सगळे नवीन)

विजापूर_वेस

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापुरातले पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायचा टेबलावरचा खेळ) सुरू करायच्या विचारात आहोत. एक जण डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा), चौघे खेळाडू. हा खेळ आधी कोणीच खेळलेला नाही. नेटवरून फुकट मिळणारे २०१४ चे बेसिक रूल्स उतरवून घेतले, पण वाचायला बसलं की थोड्याच पानांत गाडी अडते. एका नियमात दुसऱ्याचा उल्लेख, तो शोधायला गेलं की तिसराच समोर येतो.

कुणी म्हणतं २०१४ चे नियम घ्या, कुणी म्हणतं २०२४ चे. पहिल्या डावाआधी नक्की किती वाचलेलं असावं? फाशांचा एकच सेट आहे, तो पाच जणांत पुरेल का? लढाईत आपली पाळी आली की काय काय करता येतं, हे कुणी नीट उलगडून सांगेल का? मंत्रांचं प्रकरण तर अजिबात कळलेलं नाही. आमच्यात एकाच्या घरी कन्नड, एकाच्या घरी तेलुगू, टेबलावर सगळे मराठीत बोलणार, आणि दोघांना इंग्रजीतली लांबलचक पानं वाचायचा मनापासून कंटाळा आहे. तेही लक्षात घेऊन सांगा.

दुहेरी_तट

आधी आवृत्तीचं मिटवून टाका. तुमच्याकडे २०१४ चे बेसिक रूल्स आहेत ना, मग तेच घ्या. त्यात चारच क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे आहेत: फायटर (लढवय्या), रोग (लपूनछपून वार करणारा चोर), क्लेरिक (दैवी मंत्रांचा पुजारी), विझर्ड (जादूगार). चार खेळाडूंना चार. २०२४ ची आवृत्तीही चांगली आहे, पण एका टेबलावर दोन्ही मिसळल्या की वाद सुरू होतात. २०१४ मध्ये गुणांची वाढ वंशावरून मिळते, २०२४ मध्ये पूर्वायुष्यावरून. ‘क्युअर वूंड्स’ हा जखमा भरणारा मंत्र जुन्यात एक डी८ (आठबाजू फासा) बरं करतो, नव्यात दोन. नेटवर एखादं उत्तर सापडलं की ते कुठल्या आवृत्तीचं आहे हे आधी बघायचं. नवशिक्यांचा अर्धा गोंधळ इथेच होतो.

वाचायचं किती? खेळाडूंनी स्वतःचं कॅरेक्टर शीट आणि आपल्या क्लासचं पहिल्या लेव्हलचं वर्णन, बास. डीएमने लढाईचं प्रकरण आणि गुणांच्या वापराचं प्रकरण. बाकीचं पुस्तक गरज पडेल तसं उघडायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ काढला तो टेबलावर सैन्यांच्या लढाया खेळायच्या छंदातून. त्यामुळे नियमांचा मोठा भाग आजही अंतर, शस्त्रं आणि जखमा यांवर खर्च होतो. गप्पा मारणं, फसवणं, शोध घेणं यासाठी नियम थोडे आहेत आणि ते एकाच सूत्रावर चालतात.

ते सूत्र असं: डी२० (वीसबाजू फासा) टाका, त्यात मॉडिफायर (पात्राच्या गुणावरून येणारी भर) मिळवा, आणि समोरच्या आकड्याएवढं किंवा जास्त आलं की जमलं. हल्ला असेल तर समोरचा आकडा म्हणजे शत्रूचा आर्मर क्लास (त्याच्या बचावाचा आकडा). भिंत चढायची असेल तर डीएमने ठरवलेला आकडा: सोपं काम १०, मध्यम १५, अवघड २०. विषापासून वाचायचं असेल तरी तेच, फक्त त्याला सेव्हिंग थ्रो म्हणतात. हे तिन्ही एकच आहेत हे डोक्यात बसलं की पुस्तकाची भीती जाते.

आता एक फायटर घेऊन आकडे मांडून दाखवतो. सहा गुणांना (स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विझडम, करिझ्मा) १५, १४, १३, १२, १०, ८ हे तयार आकडे वाटायचे. माणूस हा वंश घेतला तर प्रत्येकात एक वाढतो. स्ट्रेंग्थ १६, कॉन्स्टिट्यूशन १५, डेक्स्टेरिटी १४. मॉडिफायर काढायला आकड्यातून १० वजा करा, दोनने भागा, अपूर्णांक खालच्या बाजूला सोडा: १६ चे +३, १५ चे +२, १४ चे +२. आणि ९ चे −१, शून्य नव्हे. इथे हमखास चूक होते. पहिल्या लेव्हलला प्रोफिशियन्सी बोनस (पात्राला येत असलेल्या कामात मिळणारी भर) +२ असतो. म्हणजे लाँगसोर्डचा हल्ला डी२० अधिक ५, आणि लागला तर नुकसान डी८ अधिक ३. नुकसानात प्रोफिशियन्सी मिळवायचा नाही. ही नवीन टेबलावरची सगळ्यात जास्त आढळणारी चूक. हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) १० अधिक कॉन्स्टिट्यूशनचे २, म्हणजे १२. चेन मेलचा (कड्यांच्या चिलखताचा) आर्मर क्लास १६, ढालीचे २, एकूण १८. चेन मेलवर डेक्स्टेरिटी मिळत नाही, आणि ते घालून लपायचं म्हटलं तर फासे डिसअॅडव्हांटेजने टाकावे लागतात (म्हणजे काय ते खाली सांगतो).

समोर गॉब्लिन, म्हणजे एक छोटा राक्षस. आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७, हल्ला +४, नुकसान डी६ अधिक २. फायटरला फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे शंभरात ५५ वेळा लागणार. गॉब्लिनला १४ हवेत, शंभरात ३५ वेळा. चिलखताला लोक इतकं का जपतात ते या दोन आकड्यांवरून कळतं. पात्र हाती आलं की प्रत्येकाने आपल्यासाठी ही आकडेमोड एकदा कागदावर करावी. डावात हिशोबाला बसणारी निम्मी वेळ वाचते.

पाळी आली की एक अॅक्शन, आपल्या वेगाएवढी चाल, आणि क्लासने किंवा मंत्राने दिली असेल तरच एक बोनस अॅक्शन. ‘बोनस’ म्हटल्यावर ती प्रत्येकाला मिळते असं वाटतं, तसं नाही. चाल तोडता येते: १० फूट पुढे, वार, मग २० फूट मागे. पण शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडलात की त्याला रिअॅक्शन (आपली पाळी नसतानाही करता येणारी एक कृती) वापरून एक फुकटचा वार मिळतो. टप्प्यातल्या टप्प्यात फिरलात तर मिळत नाही. वार न खाता बाहेर पडायचं असेल तर त्या पाळीची अॅक्शन ‘डिसएंगेज’वर घालवावी लागते. रिअॅक्शन एकदा वापरली की आपली पुढची पाळी सुरू होईपर्यंत नाही.

अॅडव्हांटेज म्हणजे डी२० दोनदा टाकून मोठा आकडा, डिसअॅडव्हांटेज म्हणजे लहान. कारणं तीन असली तरी फासे दोनच. दोन्ही एकदम आले तर एकमेकांना छेद जातो आणि साधा एकच फासा टाकायचा. ११ हवे असतील तर एरवी निम्मी शक्यता, अॅडव्हांटेजने ती ७५ टक्के होते. त्यामुळे शत्रूला आडवं पाडणं, लपून वार करणं या गोष्टींना खरी किंमत आहे.

आणि एक. २० पडला की हल्ला लागतोच आणि नुकसानाचे फासे दुप्पट होतात, पण फक्त फासे; वरचे +३ तेवढेच राहतात. कुलूप उघडताना किंवा भाव पाडताना २० पडला म्हणून आपोआप यश मिळत नाही, तिथे बेरीजच बघायची.

चादर_आणि_फासे

फाशांविषयी. एक सेट पुरतो, पण डी२० एकच असेल तर सगळा वेळ तो फिरवण्यात जातो, आणि अॅडव्हांटेजला दोनदा टाकायला लागून आधीचा आकडा कोणीतरी विसरतं. एक सुटा डी२० जास्तीचा घ्या. डी६ लुडोच्या डब्यातले चालतात. तोवर काम भागवायचं असेल तर १ ते २० लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाका. प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत टाकून हलवायची, नाहीतर मोठे आकडे संपत जातात आणि शक्यता बिघडते. सेटमधल्या दोन दहाबाजू फाशांपैकी एकावर ००, १०, २० असे दशक असतात. दोन्ही मिळून शेकडा. ०० आणि ० एकत्र आले तर ते १००, शून्य नव्हे.

फासे काचेवर किंवा फरशीवर टाकू नका. आवाज होतो, उडून कपाटाखाली जातात. घरातली सोलापुरी चादर दुहेरी घडी करून टेबलावर ताणून घाला, पृष्ठभाग छान बसतो. टॉवेल मात्र नको. टेरीच्या सुतात फासा तिरका अडकतो आणि कुठला आकडा वर आहे यावर बोलणी सुरू होतात. तिरका पडला तर परत टाकायचा, हे डाव सुरू व्हायच्या आधीच ठरवा.

नकाशासाठी मोठ्या कार्डशीटवर पेन्सिलीने एक-एक इंचाच्या चौकटी आखा. एक चौकट म्हणजे ५ फूट, त्यामुळे ३० फूट चाल म्हणजे सहा चौकटी. वर मीटरवर मिळणारं जाड पारदर्शक प्लास्टिक टाकलं की व्हाइटबोर्ड मार्करने खोल्या काढता-पुसता येतात. परमनंट मार्कर चुकून हातात येणार नाही असं बघा.

सोंगट्या म्हणून सगळ्यांना कॅरमच्या सोंगट्या आठवतात, पण त्यांचा व्यास तीन सेंटिमीटरच्या वर असतो आणि इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. शेजारी शेजारी चार ठेवल्या की ढकलाढकली होते, कोण कोणाच्या लगत उभं आहे हेच कळत नाही. कॅरम वापरायचा तर चौकट दीड इंचाची आखा. नाहीतर शर्टाची मोठी बटणं घ्या, किंवा एक रुपयाची नाणी. २०११ च्या मालिकेतलं नाणं २२ मिलिमीटरचं आहे, चौकटीत नीट मावतं. दहाचं २७ चं आहे, बाहेर येतं.

उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून खेळणं सोलापुरात होणार नाही. कॅरेक्टर शीट परीक्षेच्या पॅडला लावा. हिट पॉइंट आणि मंत्रांचे स्लॉट (मंत्र टाकायच्या उरलेल्या संधी) शीटवर खोडत बसू नका, दोन-तीन डावांत कागद फाटतो. त्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवा.

निळी_शाई

मंत्रांबद्दल मी लिहिते. इथे ‘लेव्हल’ हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरलाय, त्यामुळे घोळ होतो. पात्राची लेव्हल वेगळी, मंत्राची वेगळी. दुसऱ्या लेव्हलचे मंत्र विझर्डला पात्राच्या तिसऱ्या लेव्हलला मिळतात.

पहिल्या लेव्हलच्या विझर्डचं चित्र असं. तीन कँट्रिप, म्हणजे छोटे मंत्र, हे कितीही वेळा टाकता येतात. वहीत सहा मंत्र लिहिलेले. त्यातले रोज सकाळी इंटेलिजन्सचा मॉडिफायर अधिक लेव्हल इतके तयार करायचे. इंटेलिजन्स १६ असेल तर ३ अधिक १, चार. आणि स्लॉट फक्त दोन. तयार चार म्हणजे चार वेळा टाकता येतात असं नाही. चारांपैकी कुठलाही निवडा, एकच दोनदा टाका, पण दिवसाकाठी दोनदाच. मग लाँग रेस्ट, आठ तास. मध्ये एक तासाच्या शॉर्ट रेस्टनंतर ‘आर्केन रिकव्हरी’ने दिवसातून एकदा एक स्लॉट परत घेता येतो. शीटवर ही ओळ बारीक अक्षरात असते आणि ती वापरायचं राहून जातं.

बऱ्याच जागी सल्ला मिळतो की नवीन टेबलावर विझर्ड नकोच. मला हे पटत नाही. विझर्ड अवघड होतो तो मंत्रांच्या निवडीमुळे. ‘मॅजिक मिसाइल’ घ्या: तीन बाण, प्रत्येकी डी४ अधिक १, हल्ल्याचा फासा टाकायचाच नाही, लागतातच. ‘मेज आर्मर’ घ्या: आठ तास आर्मर क्लास १३ अधिक डेक्स्टेरिटी. ‘स्लीप’ घ्या: २०१४ च्या नियमात ५ डी८ टाकून जी बेरीज येईल तेवढ्या हिट पॉइंटचे जीव झोपतात, सगळ्यात कमी हिट पॉइंटवाल्यापासून मोजायचं, सेव्हिंग थ्रो नाही. सरासरी साडेबावीस, म्हणजे ७-७ हिट पॉइंटचे तीन गॉब्लिन एका झटक्यात. फक्त २० फुटांच्या त्रिज्येत आपला फायटर उभा नाही ना ते बघा, तोही मोजला जातो. २०२४ मध्ये हाच मंत्र पार बदललाय, तिथे विझडमचा सेव्ह आहे.

काही मंत्र टिकवायला एकाग्रता, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, लागते; ती एका वेळी एकाच मंत्रावर. दुसरा तसाच मंत्र टाकला की पहिला तिथल्या तिथे संपतो. मार बसला तर कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह: १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, यातला मोठा आकडा. २१ पर्यंतच्या माराला १० च धरा. क्लेरिकने ‘ब्लेस’ हा एकाग्रतेचा मंत्र टाकून पुढच्या रांगेत उभं राहिलं की दरवेळी हा सेव्ह आला. डीएम तो मागायला विसरतो, म्हणून खेळाडूनेच आठवण ठेवावी.

क्लेरिकचा ‘हीलिंग वर्ड’ हा बरं करणारा मंत्र बोनस अॅक्शनचा आहे आणि ६० फुटांवरून चालतो. पण बोनस अॅक्शनने मंत्र टाकला की त्याच पाळीत दुसरा मंत्र फक्त एका अॅक्शनचा कँट्रिपच असू शकतो. गदेने वार करायला हरकत नाही.

भाषेचं म्हणाल तर हा प्रश्न सहज सुटण्यासारखा आहे. नियमांचा गाभा असलेला एसआरडी ५.१ हा दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला आहे. श्रेय दिलं की भाषांतर करून वाटताही येतं. सगळं पुस्तक भाषांतरित करायला बसू नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक मंत्र, मराठीत: किती अंतर, किती वेळ, कुठला फासा, एकाग्रता लागते की नाही. चार ओळी पुरतात. मंत्राचं आणि गुणाचं नाव मात्र इंग्रजीच उच्चारात ठेवा, म्हणजे पुस्तकात शोधताना अडत नाही.

विजापूर_वेस

मनापासून आभार. आता डीएम होणाऱ्या मित्राचे दोन प्रश्न. पहिल्या लढाईत राक्षस किती ठेवायचे? आणि कोणी पडलं तर पात्र लगेच मेलं का? रोगची ‘स्नीक अॅटॅक’ (जास्तीचं नुकसान करणारा वार) लपल्याशिवाय चालते का, यावर आमच्यात आत्ताच दोन गट पडलेत.

दुहेरी_तट

स्नीक अॅटॅकला लपावं लागत नाही. फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा लांब पल्ल्याचं शस्त्र हवं, आणि एक तर अॅडव्हांटेज हवा, नाहीतर लक्ष्याच्या ५ फुटांत तुमच्या बाजूचा कोणी शुद्धीवर उभा हवा आणि तुम्हाला डिसअॅडव्हांटेज नसावा. फायटर गॉब्लिनला भिडला असेल तर रोगला लांबून धनुष्याने जवळपास दर पाळीला जास्तीचा डी६ मिळतो. पाळीला एकदाच. हा क्लास त्यावरच तोललेला आहे, डीएमने हात आखडू नये.

राक्षसांचा हिशोब २०१४ च्या पद्धतीने सांगतो. गॉब्लिन ५० एक्सपीचा (एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण). संख्या दोन असेल तर बेरजेला दीडने गुणायचं, तीन ते सहा असेल तर दोनने. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी सोपी लढाई १००, मध्यम २००, अवघड ३००, जीवघेणी ४००. आता बघा: दोन गॉब्लिन १०० चे १५०, सोपी. तीन म्हणजे १५० चे ३००, अवघड. चार म्हणजे ४००, थेट जीवघेणी! चौघांसमोर चार हे दिसायला बरोबरीचं वाटतं आणि तिथेच पहिला डाव संपतो. कारण गॉब्लिनही पाळीला एकेक वार करतात, आणि आर्मर क्लास १२ च्या विझर्डला ते शंभरात ६५ वेळा लागतात. विझर्डचे हिट पॉइंट सात-आठ, सरासरी मार साडेपाच. सुरुवात दोनांपासून करा, नियम हाताखालून गेले की दुसरी लढाई तीनांची. गुणाकार फक्त अवघडपणा मोजायला. खेळाडूंना एक्सपी वाटताना मूळ बेरीजच. दोन गॉब्लिन, १०० एक्सपी, माणशी २५. दुसऱ्या लेव्हलला ३०० लागतात.

पडणं म्हणजे मरणं नाही. शून्यावर आलं की पात्र बेशुद्ध. पुढच्या प्रत्येक पाळीला साधा डी२०, कुठलाही मॉडिफायर नाही: १० किंवा वर म्हणजे एक यश, खाली म्हणजे एक अपयश. तीन यशं झाली की पात्र स्थिर, तीन अपयशं झाली की गेलं. २० पडला तर एक हिट पॉइंट घेऊन उठायचं, १ पडला तर दोन अपयशं. कोणी एक जरी हिट पॉइंट बरा केला तरी उठतो आणि मोजणी पुसली जाते. म्हणून हीलिंग वर्डचा स्लॉट क्लेरिकने शेवटपर्यंत जपावा.

दोन ठिकाणी डीएमने सावध राहायचं. बेशुद्ध पात्रावर ५ फुटांतून वार लागला तर तो आपोआप क्रिटिकल (२० पडल्यासारखा वार) धरतात आणि एकदम दोन अपयशं होतात. सुरुवातीच्या डावांत गॉब्लिनांनी उभ्या असलेल्यांकडे वळावं. पळपुट्या, लुटारू जमातीला ते शोभतंही. दुसरं, शून्यावर आल्यानंतर उरलेलं नुकसान पूर्ण हिट पॉइंटांएवढं असेल तर पात्र जागीच मरतं. आठचा विझर्ड दोनवर आहे आणि १० चा मार बसला, संपलं. गॉब्लिनच्या क्रिटिकलला २ डी६ अधिक २, त्यामुळे हे होऊ शकतं. फासे पडद्याआड टाकायचे की उघड्यावर हे डीएमने पहिल्यांदाच सांगून टाकावं.

गॉब्लिन चालवताना त्याची ‘निंबल एस्केप’ वापराच: बोनस अॅक्शनने डिसएंगेज किंवा लपणं. वार करायचा, निसटायचं, आडोशाला जायचं. नुसते उभे राहून मार खाणारे गॉब्लिन ठेवले तर लढाई रटाळ होते आणि खेळाडू चाल, टप्पा, रिअॅक्शन यातलं काहीच शिकत नाहीत.

चादर_आणि_फासे

जागेसाठी सुचवतो: नळदुर्ग. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल सोलापूरच्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. वरून पाणी पडतंय, आत जाणारा अरुंद जिना, पुढे दालन आणि खिडकीबाहेर धबधबा. चौकटीच्या वहीत चार-पाच खोल्या काढा, पुरे. जिना एका चौकटीच्या रुंदीचा ठेवा. फायटर पुढे उभा राहिला की मागच्यांचा रस्ता अडतो. आपल्या माणसाच्या चौकटीतून जाता येतं, पण दुप्पट चाल लागते आणि तिथे थांबता येत नाही. हा नियम जिन्यावर एकदा खेळला की पुस्तक उघडायला लागत नाही. ओल्या पायऱ्यांवर धावायचं असेल तर १० चा डेक्स्टेरिटी चेक, हुकला तर आडवा पडला; उठायला निम्मी चाल जाते. धबधब्याचा आवाज आहे म्हणून चाहूल घेणाऱ्याला डिसअॅडव्हांटेज द्या, गॉब्लिनांना आणि खेळाडूंना सारखाच.

मध्येच नियमावर अडलात तर पुस्तक चाळत बसू नका. डीएमने तिथल्या तिथे निर्णय द्यायचा, एकाने तो वहीच्या मागच्या पानावर टिपायचा, आणि डाव संपल्यावर शोधायचं. पुढच्या वेळी बसताना ते पान आधी वाचायचं.